ढेकणांची पाठशाळा

१९ जानेवारी १९७१, जामखेड

आज माझ्या बातमीपेक्षा माझ्या बातमीवरचं पत्र मोठं छापून आलं. नगरच्या दैनिकाला मी कैक वर्षं जामखेडच्या बातम्या पाठवतो. कुणा वाचकानं त्यावर पत्र लिहिल्याचा हा पहिलाच योग, आणि तेही मला चूक ठरवायला.

बातमी साधी होती. डीडीटी मारूनही तालुक्यात ढेकूण कायम. मलेरियावाले येतात, भिंतींवर फवारा मारतात, आणि ते गल्लीचं तोंड ओलांडायच्या आत आमची शेजारीण साळूबाई भिंत शेणामातीनं सारवून काढते. "इखाराच्या वासात द्येव कसा नांदंल, आण्णा?" असा तिचा सवाल. शेवटचं वाक्य मी पदरचं घातलं होतं: पूर्वी राजेलोक रोज थोडं थोडं विष देऊन विषकन्या घडवीत, तसेच सारवलेल्या भिंतीतलं थोडं थोडं औषध पचवून आमचे ढेकूण सरावले आहेत. वाक्य मला आवडलं होतं. अजून आवडतं.

पत्राखाली सही योहान भिंगारदिवे, विज्ञान शिक्षक. इथल्याच हायस्कुलात आहेत. त्यांचं म्हणणं, ढेकूण शिकत नाही आणि सरावतही नाही. पुष्कळांत थोडे जन्मतःच वेगळे निघतात. औषधानं बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची सगळी प्रजा यांची होते. म्हणून औषध चालेनासं होतं.

सौ.नं पत्र दोनदा वाचलं. "यात चूक काय आहे?"

"भाषा," मी म्हणालो.

जेवताना प्रवरा म्हणाली, "अण्णा, सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. पहिल्या ओळीत तुमचं नाव होतं. मी काढायला लावलं."

प्रवरा आमची एकुलती एक. यंदा मॅट्रिकला आहे. म्हणजे माझा अपमान माझ्याच घरातून तपासून गेला होता.

२४ जानेवारी

दिवेलागणीला प्रवरा माझ्यासमोर मांडी घालून बसते. मी एक चरण म्हणतो, ती दोनदा म्हणते, मग पुढचा चरण. नेवाशाच्या पाठशाळेत आम्हाला अशीच संथा मिळाली, प्रवरेच्या काठी. मुलीचं नावही तिथूनच आलं. ती बोबडं बोलायची तेव्हापासून हा तास माझा आहे.

आज ती उशिरा आली. फ्रॉकला धूळ, हातात काचेची नळी.

"कुठं होतीस?"

"सरांच्या विज्ञान मंडळात. पुंजारामच्या बाकड्यातले ढेकूण काढत होतो."

पुंजारामचं चहाचं हॉटेल एसटी स्टँडला लागून आहे. त्याच बाकड्यावर बसून मी रोज सकाळी गावाला पेपर वाचून दाखवतो. सिंहासनाखालची प्रजासुद्धा या माणसानं सोडली नाही.

मग ती म्हणाली, "अण्णा, मला नगरला सायन्सला जायचंय." मी म्हणालो, आपलं संस्कृतचं ठरलंय. ती म्हणाली, आपलं नाही, तुमचं ठरलंय.

इथं खरं लिहायला हरकत नाही. योहान ख्रिस्ती आहे याचं मला काही नाही. तरुण आहे याचंही नाही. त्याची बायको मरिया सरकारी दवाखान्यात नर्स आहे, दोघं नीटनेटके राहतात. माझं दुखणं एवढंच, की प्रवरा आता प्रत्येक वाक्य "सर म्हणतात" असं सुरू करते. पूर्वी त्या जागी "अण्णा म्हणतात" असायचं.

३ फेब्रुवारी

आज प्रवराशी कडाक्याचं भांडण झालं. भांडण म्हणजे ती समजावत होती आणि मी समजत नव्हतो.

"अण्णा, पोथ्यांच्या नकला कशा होतात?"

"हातानं."

"नकलनवीस पेंगतो, एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी श्लोक मोडतो, ती पोथी पुढं कुणी उतरवत नाही. पण एखादी चूक निभून जाते. कधी मुळापेक्षा बरी लागते. मग पुढचे सगळे तीच उतरवतात. जिवाच्या बीजाचंही तसंच असतं. आईबापांकडून पोरांत उतरताना कुठंतरी फरक पडतो. तो कुणी ठरवून करत नाही. पण झालेल्या फरकांतला कुठला टिकायचा, ते भोवतालची परिस्थिती ठरवते."

"हे सरांनी सांगितलं?"

"ढेकणांचं त्यांनी सांगितलं. पोथीचं मी जुळवलं."

"पोथी माझी आहे," मी म्हणालो. माझ्या दुकानातला माल उचलून ही पोर त्याच्या दुकानात मांडते, आणि तिकडे गिऱ्हाईक जास्त.

रागाच्या भरात मी बोलून गेलो, की सराव केला तर ढेकूणही घडतो हे मी करून दाखवीन. दाखवलं तर तू संस्कृतला जायचं.

"आणि नाही दाखवता आलं तर?"

"तर सायन्सला."

सौ. चुलीपाशी होती. "पोरीचं आयुष्य ढेकणांवर लावताय?"

"लोक पत्रिकेवर लावतात. ढेकूण निदान चावून तरी सांगतो."

प्रवरा हसली. पैज मान्य झाली.

११ फेब्रुवारी

पाठशाळेचा शुभारंभ. पुंजाराम म्हणाला, "न्या की आण्णा, बाकडंच न्या! पर शिकवून झाल्यावर हितं आणून सोडू नगा. आताच लई हुशार हायती." बाकड्यातून निघालेल्यांचे दोन वाटे केले. एक प्रवरानं शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. त्यांना औषध द्यायचं नाही, नुसतं सांभाळायचं. दुसरा माझ्याकडे, लोणच्याच्या काचेच्या बरणीत. तोंडाला मलमल बांधली. जेवणाची वेळ झाली की बरणी दंडावर उपडी धरतो. विद्यार्थ्यांनी गुरूच्या घरी जेवायचं ही जुनी रीत आहे. फक्त इतकं शब्दशः कुणी केलं नसेल.

पद्धत संथेचीच. आरंभी चुलीची राख आणि त्यात नावापुरती डीडीटी. पचली की राख कमी, पावडर जास्त.

१४ फेब्रुवारी

पहिल्याच पाठात पुष्कळ आडवे झाले. यात नवल नाही. नेवाशाला आमच्या गुरुजींसमोर सुरुवातीला ओसरीभर मुलं बसायची. दिवाळीपर्यंत आम्ही एका सतरंजीवर मावायला लागलो. गुरुजी आमच्याकडे बोट दाखवून म्हणत, "ही मी घडवलेली मुलं."

मेलेले मी सुपलीत झटकले. प्रवरा केर काढत होती. केरसुणी तशीच धरून सुपलीकडे बघत राहिली.

"अण्णा, मोजून ठेवू का हे?"

"नापासांना कोण मोजतं?"

तिनं ते केरात लोटले.

२ मार्च

गावात निवडणुकीचा धुरळा. जीपगाड्यांमागून धावून धावून सदरा मळला. पण पाठशाळेत खंड नाही. राख निम्म्यावर आली. अजून काही गळले. राहिलेले मात्र राखेतून असे हिंडतात की पाहत राहावं. मला त्यांचा लळा लागला आहे हे सौ.ला कळता कामा नये.

सकाळी हॉटेलात योहान माझ्याच बाकड्यावर बसला होता. उठून जागा दिली. त्याचा हा सभ्यपणाच मला सहन होत नाही.

"शास्त्रीजी, तुमच्या मुलीनं मला दमवलंय," म्हणाला. "काहीही शिकवायला घ्या, हिचं सुरू, 'यावर अण्णा असं म्हणतील.' वर्ष झालं, वर्गात मी तुमच्याशीच भांडतोय."

टोमणा मला कळला. घरी त्याचं नाव घ्यायचं आणि शाळेत माझी टवाळी करायची, असं चाललंय तर! अर्धा चहा टाकून उठलो.

पुंजाराम मागून ओरडला, "आण्णा, पेपर कोन वाचनार?"

"सायन्स वाचेल," मी म्हणालो.

आणि त्यानं वाचला. दुपारी सौ.नं सांगितलं, छान वाचतात म्हणे सर, आवाज खणखणीत आहे.

२८ मार्च

प्रवराची परीक्षा संपली. संस्कृतचा पेपर "बरा", सायन्सचा "मस्त". हे शब्द तिचे. मी दोन दिवस त्यांचाच विचार करतो आहे.

बरणीत अंडी दिसली. माझी शिष्यपरंपरा.

१९ एप्रिल

जिंकलो!

काल शाळेच्या प्रयोगशाळेत दोन बशा मांडल्या. दोन्हींत निव्वळ पावडर, राखेचा कण नाही. एकीत माझे शास्त्री, दुसरीत प्रवरानं सांभाळलेले अशिक्षित. आज सकाळी उघडल्या. बघायला पुंजाराम दुकान टाकून आला होता, साळूबाई शेणानं भरलेले हात तसेच घेऊन आली होती. माझ्या बशीत सगळे चालत होते, जणू अंगणात शतपावली करताहेत. दुसऱ्या बशीत बहुतेक उताणे. दोन-चार तिथंही फिरत होते म्हणा. प्रत्येक गावात काही बिनगुरूचे निघतातच.

पुंजाराम ओरडला, "आण्णांची पोरं पास झाली की वो सर!"

साळूबाई म्हणाली, "मंग माजी भितबी साळाच म्हनायची."

योहान दोन्ही बशांवर बराच वेळ वाकून उभा होता. मग म्हणाला, "शास्त्रीजी, पहिल्या दिवशी बरणीत होते किती? आणि मधल्या मधे मेले किती?"

"गुरू नापासांची टिपणं ठेवत नाही."

"तसं नाही, पण त्यावरच तर..."

"जाऊ द्या ना सर," प्रवरा मधेच म्हणाली. "अण्णा जिंकले."

योहाननं तिच्याकडे बघितलं. मग बशा धुवायला घेतल्या.

वाटेत ती म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. मी संस्कृतला जाते." केवढी समजूतदार पोर! मी कोपऱ्यावरून बर्फी घेतली. तिनं अर्धी खाल्ली.

७ मे

संथा पुन्हा नियमानं चालू आहे. वेळेवर येते, बसते, मी म्हणतो, ती दोनदा म्हणते. उच्चार निर्दोष. आणि काही विचारत नाही.

पूर्वी प्रत्येक श्लोकाला तिचं "पण का?" यायचं. मी चिडायचो. परवा मुद्दाम एका शब्दाचा धडधडीत चुकीचा अर्थ सांगितला. "हो, अण्णा," म्हणाली.

मंडळात जात नाही. योहान रस्त्यात दिसला तर नमस्कार करते आणि पुढं होते. मला हेच हवं होतं. तरी ती गप्प असली की मला वाटतं, मनात त्याच्याशीच बोलते आहे. त्याच्याशी नक्की "पण का?" म्हणत असणार.

सौ.ला बोललो. म्हणाली, "बोलायची तेव्हा कानाला त्रास, गप्प आहे तर मनाला त्रास. तुमचं करायचं काय माणसानं?"

२३ मे

लिहावं की नाही याचा विचार करत सकाळ गेली.

सौ.चा संथेवर विश्वास नाही. काल तिनं माझी बाज अंगणात ओढली, आणि पावडरचा अख्खा डबा सांध्यांत आणि सुतळीत एकदम ओतला. आज उजाडताच हाक मारली. "अहो, बघायला या. तुमचे पाहुणे."

बाजेखाली मेलेल्यांचा सडा. आणि सुतळीवरून, इतक्या पावडरीतून, तीन ढेकूण सावकाश चालले होते.

"हे कुठल्या पाठशाळेतले?" तिनं विचारलं.

"आपल्या बाजेतले."

"यांना संथा कुणी दिली? हा तर यांचा पहिलाच पाठ, आणि तोही डबाभर."

मी बाजेशी उकिडवा बसलो तो बसलोच. ते तिघं कुणाकडूनही काही शिकले नव्हते. आले तेच असे होते. म्हणजे बरणीतही असे काही पहिल्या दिवसापासून असणार. मी रोज राख कमी केली, पावडर वाढवली, आणि जे असे नव्हते ते रोज सुपलीत झटकत गेलो. शेवटी उरले त्यांना शास्त्री म्हणालो. मी एकही ढेकूण घडवला नाही. मी फक्त बाकीचे टाकून दिले.

मग विषकन्येचंही तसंच असणार. त्या महालात रोज विष चाटवलेल्या किती पोरी गेल्या, ते कुठल्याच पंडितानं लिहून ठेवलं नाही. उरली तिचं मात्र आम्ही कौतुक पाठ केलं.

सौ.ला विचारलं, "प्रवराला हे माहीत होतं?"

"तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत होतं. बशा उघडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सर आले होते, शास्त्रीजींना समजावून सांगतो म्हणून. तिनंच दारातून परत पाठवलं. म्हणाली, त्यांना हरवू नका."

हे मला कुणी बोललं नव्हतं. आताही बोललं नसतं तर बरं होतं. कारण आता निवड माझी झाली. मी गप्प बसलो तर ती माझ्याकडेच राहते, शब्द तिनंच दिलाय. हे वाक्य लिहिल्यावर वाईट दिसतं. मनात होतं तेव्हा इतकं वाईट दिसत नव्हतं.

आज संथेला बसलो. ती चरण म्हणत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. काही बोललो नाही.

१० जून

निकाल. प्रवराला पहिला वर्ग, आणि संस्कृतला शाळेत पहिली. सायन्सलाही पहिली, पण ते गावानं नंतर सांगितलं. देवाला एखाद्याची परीक्षाच बघायची असली की तो अशी बघतो. आता तिला संस्कृतला पाठवायला एक सबळ कारणही मिळालं.

संध्याकाळी योहान आणि मरिया पेढे घेऊन आले. मरिया सौ.शी बोलत आत गेली. तो ओसरीवर टेकला.

"संस्कृतला पहिली," म्हणाला. "अभिनंदन, शास्त्रीजी. हे तुमचंच."

"हं," मी म्हणालो.

"माझ्या हाताखाली अशी पोर पहिलीच. पुन्हा कधी येईल की नाही, सांगता येत नाही." आणि तो घाईनं हसला.

त्याच्या तोंडावर काय होतं ते मी लगेच ओळखलं. जानेवारीपासून दाढी करताना रोज बघतोय.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पेढा खाऊन होईपर्यंत.

२१ जून

पहाटेच्या गाडीनं मी आणि प्रवरा नगरला. गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा कंडक्टर आला.

कॉलेजात आर्ट्सच्या खिडकीशी कुणी नव्हतं. सायन्सची रांग व्हरांडा उतरून लिंबाखाली गेली होती. मी जाऊन लिंबाखाली उभा राहिलो.

"अण्णा, ती सायन्सची रांग आहे."

"मला वाचता येतं."

"पण आपली पैज..."

"मी मेलेले मोजले नव्हते."

पुढच्या गृहस्थांनी वळून बघितलं आणि दोन पावलं सरकून उभे राहिले.

प्रवरा खाली बघत होती. "मला माहीत होतं," म्हणाली.

"तुला माहीत होतं हे मलाही महिन्याभरापासून माहीत आहे."

तिनं झटकन मान वर केली. "महिना? मग महिनाभर गप्प का बसलात?"

"तू का बसलीस?"

"तुम्ही केवढे खूश होता! बर्फी आणलीत. तुम्ही कधी बर्फी आणता का?" आणि मग सुरूच झाली. पण अण्णा, असं कसं केलंत, पण मी आर्ट्सचा अर्ज भरला असता तर, पण तुम्ही मला मुद्दाम चुकीचा अर्थ सांगितलात तो तरी का? मला कळलं नाही असं वाटलं का? रांग सरकत होती, ती भांडत होती, पुढचे गृहस्थ ऐकत होते. दोन महिन्यांनी कानाला बरं वाटलं.

खिडकीशी जीवशास्त्राचे एक प्राध्यापक उभे होते. प्रवरानं त्यांना काहीतरी विचारलं. ते हसले, खिशातून पेन्सिल काढून कागदाच्या तुकड्यावर तिला आकृती काढून दाखवू लागले. ती टाचा उंचावून बघत होती. मागच्या लोकांनी आरडाओरडा केला तरी दोघांचं चालूच.

संध्याकाळी जामखेडला उतरलो. प्रवरा आईला सांगायला घरी पळाली. मी पुंजारामच्या हॉटेलात गेलो. योहान बाकड्यावर होता. उठायला लागला. मी म्हणालो, बसा, आणि शेजारी बसलो.

"सायन्सला नाव घातलं."

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. पुंजारामनं न सांगता दोन चहा ठेवले.

मग म्हणाला, "जीवशास्त्राला कोण आहेत तिथं?"

"दिसले होते एक. उंच, गोरे. प्रवरानं काहीतरी विचारलं तर लगेच आकृतीच काढायला लागले."

"लगेच?"

"लगेच. खिडकीवर गर्दी असताना."

योहाननं बशीत चहा ओतला आणि तसाच धरून राहिला. "माणूस कसा वाटला?"

"बरा नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही वाटत," तो म्हणाला. त्यानं त्या माणसाला पाहिलेलंही नाही.

अंधार पडेपर्यंत आम्ही त्याच विषयावर बोलत बसलो होतो.